वसाहतीतील मोकळ्या जागेवर उद्यान: शेजाऱ्यांच्या हरकती ऐकून काम कसे उभे करावे

कोल्हापुरात संध्याकाळी फिरायला जायचे म्हटले की रंकाळा, महावीर गार्डन किंवा टाउन हॉलची बाग ही नावे पुढे येतात. परंतु गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजोबांना किंवा चार वर्षांच्या मुलाला रोज रिक्षा करून तेथे नेणे कोणत्याही घराला परवडत नाही. त्यांच्यासाठी घरापासून पाच मिनिटांवरची, दहा-वीस गुंठ्यांची बाग हीच खरी बाग असते. शहरातील अनेक वसाहतींत अशी जागा कागदोपत्री उपलब्ध असते आणि तरीही ती वर्षानुवर्षे गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा आणि उभ्या गाड्या यांच्या ताब्यात राहते. निधी नसणे हे त्याचे एक कारण आहे. दुसरे आणि माझ्या मते अधिक वजनाचे कारण असे की, जागेला लागून राहणाऱ्या घरांशी कोणी वेळेवर बोललेले नसते. तीन गल्ल्या पलीकडून येणारा माणूस बागेत तासभर बसून घरी जातो. ज्याची भिंत बागेला लागून आहे, तो त्या बागेसोबत चोवीस तास राहतो. म्हणून त्याच्या हरकतीला विरोध न समजता आराखड्याची पहिली सामग्री समजावे, या भूमिकेतून पुढील टप्पे मांडले आहेत.

पहिला टप्पा: जागा कोणाची आणि कशासाठी राखलेली

बैठक बोलावण्यापूर्वी कागद हातात असावेत. वसाहतीतील मोकळी जागा साधारणपणे दोन प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित केलेली जागा. दुसरा प्रकार म्हणजे मंजूर रेखांकनात, म्हणजेच ले-आउटमध्ये, रहिवाशांच्या मनोरंजनासाठी सोडलेली खुली जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के जागा अशी सोडावी लागते. आपली जागा कोणत्या प्रकारात मोडते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते, कारण आरक्षित जागा अद्याप खासगी मालकीची असू शकते. तसे असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ लक्षात ठेवावे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला जागा खरेदी करण्याची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. अशा जागेवर लोकवर्गणीतून रोपे लावून बसलेल्या रहिवाशांच्या हाती शेवटी काहीच राहत नाही.

महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि मंजूर रेखांकनाची प्रत घ्यावी, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी आणि हद्दीबाबत जरा जरी शंका असेल तरी मोजणीचा अर्ज आधीच करावा. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली दोन फूट सार्वजनिक जागा गेली आहे, हे काम सुरू झाल्यावर उघडकीस आले तर पुढची दोन वर्षे वादात जातात. तीच गोष्ट मोजणीच्या खुणा ठोकल्यावर समजली तर निदान बोलण्याला आधार असतो.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न निकालात काढावा. मोकळी जागा दिसली की तेथे सांस्कृतिक हॉल, मंडळाची खोली किंवा मंदिर व्हावे, अशी मागणी पुढे येतेच. मागणी करणाऱ्यांची श्रद्धा किंवा गरज खोटी नसते, परंतु कायदा येथे पुरेसा स्पष्ट आहे. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा बंगळुरूमधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदेशीर ठरवला आणि अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा परिसरातील रहिवाशांचा अधिकारही मान्य केला. सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर धार्मिक स्थळांची अनधिकृत बांधकामे होऊ देऊ नयेत, असा आदेश त्याच न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये दिला. ही माहिती भांडणासाठी वापरू नये; बैठकीच्या सुरुवातीला ज्येष्ठांपैकी कोणीतरी शांतपणे वाचून दाखवावी.

नदीकडच्या सखल भागात काम असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेचा, म्हणजे पुराचे पाणी कोठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले, हे रमणमळा आणि सुतारवाडा परिसरातील लोकांना सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी उद्यान हा जागेचा उत्तम उपयोग आहे, कारण झाडांना आणि गवताला पुराचे पाणी काही दिवस सोसते. मात्र विजेची पेटी उंचावर घ्यावी लागते, पक्के बांधकाम टाळावे लागते आणि संरक्षक भिंतीऐवजी पाणी वाहून जाईल असे जाळीचे कुंपण घालावे लागते, नाहीतर भिंतीमुळे अडलेले पाणी शेजारच्या घरांत शिरते.

दुसरा टप्पा: जागा आज कशी वापरली जाते

रिकामी दिसणारी जागा क्वचितच रिकामी असते. सकाळी तेथे कोणी गाडी धुते, दुपारी मुले क्रिकेट खेळतात, गणेशोत्सवात मंडप पडतो, लग्नसराईत हळदीचा मांडव उभा राहतो आणि मधोमध पडलेली पायवाट पलीकडच्या गल्लीतील लोकांचा रोजचा रस्ता असते. किमान एक आठवडा, सुट्टीचा दिवस धरून, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्री दहानंतर जागेवर जाऊन नोंदी घ्याव्यात. यातील कोणता वापर चालू राहणार, कोणता दुसरीकडे जाणार आणि कोणता बंद होणार, हे आधी ठरले नाही तर तो वापर कुंपण तोडून परत येतो. विशेषतः पायवाट कधीही बंद करू नये; तिच्यावरूनच बागेचा मुख्य मार्ग आखावा.

याच आठवड्यात मातीची परीक्षा करून घ्यावी. जागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा खणावा, तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि काठीवर खूण करून दर अर्ध्या तासाने पाणी किती उतरले ते पाहावे. चढाच्या भागात मुरूम लवकर लागतो आणि पाणी पाहता पाहता उतरते. नदीकडच्या काळ्या मातीत ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसेच उभे राहते. ही साधी नोंद पुढे डासांच्या तक्रारीपासून पायवाटेच्या थरापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट बसवलेले पेव्हिंग ब्लॉक एका वर्षात वरखाली होतात आणि त्यावर ठेचकाळून पडणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात.

तिसरा टप्पा: हरकती घरोघरी जाऊन लिहून घेणे

पहिली भेट बैठकीत होऊ नये. बैठकीत मोठ्या आवाजाची चार माणसे बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि ज्यांच्या घरावर परिणाम होणार असतो ते नंतर आयुक्तांकडे निवेदन देतात. त्याऐवजी जागेला लागून असलेल्या प्रत्येक घरी दोन माणसांनी, त्यांपैकी एक महिला, संध्याकाळी चहाच्या वेळी जावे. मंडळाचा पदाधिकारी किंवा निवडणुकीची तयारी करणारी व्यक्ती सोबत नसलेली बरी. लोक मोकळेपणाने बोलतात.

हरकत लिहिताना चार गोष्टी विचाराव्यात: नेमके काय होईल असे वाटते, कोठे, किती वाजता आणि घरातील कोणाला त्रास होईल. “बाग झाली की उपद्रव वाढणार” या वाक्याने आराखड्यात काही बदलता येत नाही. “रात्री अकराला पोरं भिंतीवर बसून दारू पितात, बाटल्या आमच्या परड्यात टाकतात, आणि माझी सून पहाटेची पाळी करते, तिला झोप मिळत नाही” असे एखाद्या काकूंनी सांगितले, तर त्यातून भिंतीची उंची, दिव्याची जागा, बाकांची मांडणी आणि फाटकाची वेळ अशा चार गोष्टी ठरतात. शक्य असेल तेथे घरात जाऊन त्या खिडकीत उभे राहावे. आराखड्यावर रिकाम्या कोपऱ्यात शोभून दिसणारा बाक एखाद्या घराच्या न्हाणीघराच्या झरोक्यासमोर बरोबर पाच पावलांवर येतो, हे कागदावर दिसत नाही. खिडकीतून पाहिले की क्षणात कळते.

सर्व नोंदी एका वहीत, घर क्रमांकानुसार, हरकत घेणाऱ्याला वाचून दाखवून लिहाव्यात. मग सर्वसाधारण बैठक बोलवावी आणि तेथे नावे न घेता हरकती विषयवार वाचाव्यात. आपले म्हणणे आपल्याच शब्दांत मांडले गेलेले ऐकल्यावर लोकांचा सूर पालटतो, असा अनुभव आहे.

चौथा टप्पा: प्रत्येक हरकतीचे आराखड्यात उत्तर

आवाजाची हरकत बहुतेक ठिकाणी पहिली येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. परंतु नियमाच्या आधी मांडणीचा विचार करावा. मुलांच्या खेळाचा भाग रस्त्याच्या बाजूला ठेवावा आणि घरांच्या बाजूला फिरण्याची वाट व दाट झुडपांचा पट्टा ठेवावा. केवळ झुडपांनी आवाज फारसा कमी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकावे, अंतराने होतो. खुल्या व्यायामशाळेची साधने वंगण न घातल्यास पहाटे पाचला करकरतात आणि त्यांच्या आवाजाने गल्ली उठते, म्हणून त्यांनाही भिंतीपासून दूर जागा द्यावी. कायमचे व्यासपीठ बांधूच नये. व्यासपीठ असले की ध्वनिक्षेपक येतो, आणि एकदा पडलेला पायंडा मोडणे कोणत्याही समितीला जमत नाही.

रात्रीच्या टोळक्यांविषयीची भीती खरी आहे आणि तिला “पोलिसांना कळवू” एवढेच उत्तर देणे अपुरे आहे. उंच सिमेंटची भिंत सुरक्षित वाटते, पण तिच्या आड काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. दीड-दोन फूट भिंत आणि त्यावर आरपार दिसणारी जाळी हा पर्याय अधिक बरा. लोक बसू नयेत म्हणून भिंतीचा माथा उतरता करावा. दिवे उंच खांबावर न लावता दहा-बारा फुटांवर, प्रकाश खाली पडेल असे झाकण असलेले आणि पिवळसर उजेडाचे लावावेत. प्रखर पांढरा दिवा लगतच्या घरातील झोप मोडतो आणि त्याच्या कडेला पडणारी सावली अधिक गडद करतो. फाटक किती वाजता बंद होणार आणि कुलूप कोण लावणार, हे नाव आणि वेळ घालून लिहिलेले असावे.

झाडांबाबत लोकांचे प्रेम आणि भीती दोन्ही एकत्र असतात. भिंतीला लागून वड, पिंपळ किंवा उंबर लावू नये. त्यांची मुळे पाया आणि गटारे शोधत जातात. ही झाडे जागेच्या मध्यभागी हवीतच, कारण पक्ष्यांना त्यांच्याइतके दुसरे काही देत नाही. भिंतीकडेला ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ, पारिजातक अशी आवाक्यातील झाडे, भिंतीपासून किमान दहा फूट सोडून, लावावीत. ताम्हण तर आपले राज्यपुष्प आहे. सप्तपर्णी झटपट वाढते म्हणून सर्रास लावली जाते, पण तिच्या फुलोऱ्याचा उग्र वास अनेकांना, विशेषतः दमेकऱ्यांना, सोसवत नाही. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात. पूर येणाऱ्या जागेसाठी करंज, अर्जुन आणि जांभूळ हे विश्वासाचे वृक्ष आहेत. जागेवर आधीपासून असलेले झाड आराखड्याच्या आड येत असेल तर आराखडा बदलावा. तोडणे खरोखर अटळ असेल तर १९७५ च्या वृक्ष जतन अधिनियमानुसार परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळालेला आहे.

डासांच्या हरकतीला एक ठाम उत्तर देता येते: कारंजे आणि शोभेचे कुंड नको. कारंजे उद्घाटनाला चालते, नंतर पंप बिघडतो आणि उरते ते साचलेले पाणी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, त्यामुळे पाणी साठवणारी प्रत्येक वस्तू, अगदी टायरचे झोके आणि कुंड्यांखालच्या थाळ्याही, वगळाव्यात. पावसाचे पाणी मात्र जिरवावे. शहरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर दहा गुंठ्यांच्या जागेवर वर्षभरात सुमारे दहा लाख लिटर पाणी पडते. मुरमाची जमीन असेल तर शोषखड्डा पुरतो; काळ्या मातीत उतार काढून ते पावसाळी गटारापर्यंत नेण्याची सोय करावी, आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे उतार जाता कामा नये.

गाड्या लावण्याच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: वसाहतीच्या बागेला वाहनतळ करू नये. बाग चालत येणाऱ्यांसाठी आहे. सायकलींसाठी दांडे आणि दिव्यांगांच्या वाहनासाठी एक जागा एवढे पुरे. फाटकासमोर भेळेच्या किंवा चहाच्या गाड्या लागणार असतील, तर त्यांना हाकलण्यापेक्षा एखाद-दुसऱ्या गाडीची जागा आणि तेथील कचऱ्याची जबाबदारी फेरीवाला नियमांच्या चौकटीत महापालिकेकडून ठरवून घ्यावी.

पाचवा टप्पा: फक्की टाकून जागेवरच आराखडा दाखवणे

हा टप्पा बहुतेक ठिकाणी वगळला जातो आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. एका रविवारी सकाळी दोरी, टेप, खुंट्या आणि फक्कीची एक गोणी घेऊन संपूर्ण आराखडा खऱ्या मापात जमिनीवर आखावा. जेथे बाक येणार तेथे घरातील खुर्च्या ठेवाव्यात, जेथे दिवा येणार तेथे बांबू उभा करावा आणि झाडांच्या जागी खुंटीला रंगीत चिंधी बांधावी. मग लगतच्या रहिवाशांना बोलावून त्या रेषांवरून चालायला सांगावे आणि त्यांच्याच घरातून ते कसे दिसते ते पाहू द्यावे.

नकाशा वाचण्याची सवय नसलेला माणूस बैठकीत गप्प राहतो. पांढऱ्या रेषेवर उभा राहिला की तो नेमके बोलतो. “ही वाट आणखी दोन पावलं आत घ्या, इथून चालणाऱ्याचं डोकं आमच्या स्वयंपाकघरात दिसतंय” असे कोणी म्हणाले, तर तेथेच जुनी रेषा पायाने पुसून नवी टाकता येते. चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती वसाहतीत असेल तर तिला अवश्य बोलवावे आणि मुख्य वाट किमान सहा फूट रुंद आहे, उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नाही आणि फाटकात पायरी नाही, हे तिच्यासोबत तपासावे. सकाळ संपताना बदललेल्या रेषांची मापे कागदावर उतरवून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. हाच आराखडा महापालिकेकडे द्यावा.

सहावा टप्पा: प्रस्ताव, निधी आणि निविदेतील अटी

मागणीचा अर्ज उद्यान विभागाला आणि प्रत नगररचना विभागाला द्यावी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये. निधी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, आमदार स्थानिक विकास निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून मिळू शकतो. पैसा कोठूनही आला तरी बागेच्या कामाच्या अंदाजपत्रकात खेळणी, फाटक आणि कमान यांवर मोठी रक्कम आणि माती, पाणी व देखभालीवर किरकोळ रक्कम, असे चित्र दिसल्यास लेखी हरकत घ्यावी. कमानीपेक्षा पाण्याची जोडणी आधी हवी.

निविदेत काही अटी येतील असे पाहावे: रोपे किमान सहा फूट उंचीची असावीत, मेलेले रोप ठेकेदाराने बदलून द्यावे, झोपाळ्यांखाली फरशीऐवजी फूटभर जाडीचा वाळूचा थर असावा आणि देखभालीचा कालावधी किमान तीन वर्षांचा असावा. काम दोन भागांत करून घेता आले तर उत्तम. पहिल्या पावसाळ्यापूर्वी कुंपण, उतार, पाणी आणि झाडे पूर्ण करावीत. खेळणी आणि बाक दिवाळीनंतर घ्यावेत. पाणी कोठे साचते ते तोवर डोळ्यांना दिसलेले असते.

सातवा टप्पा: देखभाल उद्घाटनापूर्वी ठरवणे

देखभाल समितीत लगतच्या घरांचे प्रतिनिधी निम्मे असावेत आणि ज्यांनी सर्वांत कडक हरकत घेतली त्यांना आग्रहाने बोलवावे; जागेवर त्यांचे लक्ष कोणापेक्षाही जास्त असते. महापालिकेबरोबर लेखी कामवाटप असावे: झाडलोट, पाणी, दिवे, छाटणी आणि खेळण्यांची दुरुस्ती यांपैकी काय कोणाकडे. पालापाचोळा जाळू नये. घरांपासून दूर कोपऱ्यात दोन खड्डे करावेत, एक भरत असताना दुसऱ्यातील खत तयार होते. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ असताना बागेला नळाचे पाणी घालण्यावरून हमखास वाद होतो, म्हणून कूपनलिका किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा टँकर यांची सोय आधीच पाहावी.

मंडप आणि कार्यक्रमांचा नियमही येथेच लिहावा. गणेशोत्सव पूर्वीपासून त्या जागेवर होत असेल तर तो तोडून टाकण्याचा आग्रह धरू नये. खांबांसाठी कायमचे खोबणीचे खड्डे एका बाजूला करून द्यावेत, म्हणजे दरवर्षी वाट आणि मुळे खणली जात नाहीत. खासगी समारंभांना मात्र सरसकट नकार असावा.

आठवा टप्पा: पहिल्या वर्षाची तपासणी

हरकतींची वही जपून ठेवावी. बाग सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्याच्या शेवटी तीच दोन माणसे त्याच घरी जावीत आणि प्रत्येक हरकतीपुढे आजची स्थिती लिहावी: मिटली, कमी झाली, तशीच आहे किंवा नवीन निघाली. दिव्याची दिशा बदलणे, बाक हलवणे आणि फाटक अर्धा तास आधी लावणे ही कामे समितीने आठवड्याभरात करावीत. ज्यासाठी खर्च किंवा मंजुरी लागते, त्याचा अर्ज उद्यान विभागाला द्यावा आणि आवक क्रमांक वहीतच, त्या घराच्या नोंदीपुढे, लिहून ठेवावा.